छताचा तिसरा बोर्ड

लग्न झाल्यापासून आमच्या घरात दुरुस्तीला बाहेरचा माणूस आलेला मी पाहिला नव्हता. नळ गळू दे, पंखा अडू दे, दाराचं बिजागर सुटू दे, ह्यांनी पाना-पक्कड काढायची आणि मी शेजारी उभं राहून स्क्रू धरायचे. खोपोलीच्या एका कारखान्यात हे फिटर होते, सगळी नोकरी तिथेच झाली. हात असा, की नट हातात घेतला तरी कुठल्या मापाचा पाना लागेल ते न बघता सांगत. त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्यांनी वरच्या खोलीचं छत स्वतःच करायचं काढलं, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

वरची खोली म्हणजे दहिवलीच्या आमच्या घराच्या गच्चीवर नंतर चढवलेली पत्र्याची खोली. तिथे माझं शिलाई मशीन आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळा सुरू व्हायच्या आधी मुलांचे गणवेश, असं माझं काम चालतं. होळी झाली की तो पत्रा असा तापायचा की कापडात टोचून ठेवलेल्या टाचण्याही हाताला कोमट लागायच्या. दुपारी मी काम बंद ठेवायचे आणि मग संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहायचं. पत्र्याखाली जिप्सम बोर्डाचं छत घ्यायचं हे आमचं दोघांचं बऱ्याच वर्षांचं बोलणं. आता ह्यांना वेळ होता.

खरं तर मी एका माणसाला बोलावून घेतलं होतं. खालापूरचा ठेकेदार, छताचीच कामं करणारा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरी त्याने काम केलं होतं आणि ते मी बघून आले होते. तो आला, टेप लावला, पत्र्याखालचे लोखंडी पाइप हाताने ठोकून पाहिले आणि म्हणाला, "वहिनी, दोन दिवसाचं काम हाय. दोन पोरं आणतो, तुमी फक्त मशीन झाकून ठेवा."

ह्यांनी त्याला चहा दिला, फाटकापर्यंत सोडायला गेले, परत आले आणि म्हणाले, "माणूस लावायचा नाही."

"का? बरा वाटला की तो."

"बराच आहे. पण मी आहे ना घरात."

"अहो, ते वजन डोक्यावर धरावं लागतं. एकट्याचं काम नाही ते."

"तू आहेस की."

"मी ब्लाउज शिवते. छतं नाही शिवत."

ते हसले नाहीत. एरवी अशा बोलण्यावर ते हसत. "आपल्याला जमतं का ते बघू तरी," एवढंच म्हणाले आणि मोबाइलवर छत बसवण्याचे व्हिडिओ बघत बसले. मी बरेच दिवस धुसफुसत होते. पनवेलहून लेकीने फोन केला, "बाबा, वर चढून तोल गेला म्हणजे? लावा ना माणूस." त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, निवृत्तीनंतर पुरुषांना असं होतं. आपला उपयोग आहे हे त्यांना कुणाला तरी दाखवायचं असतं. होऊ दे त्यांच्या मनासारखं.

सामान टेंपोने आलं. बोर्ड वर चढवायला माझे थोरले दीर आले होते. ते कोंडाणे लेण्यांच्या बाजूला आमच्या गावी शेती बघतात. जिना अरुंद आणि बाहेरून. बोर्डाचा कोपरा कुठे आपटला तर भुगाच होतो, म्हणून दोघे भाऊ पावलापावलाने वर आले. दीर घाम पुसत म्हणाले, "आरं, ह्याला मानसं लागतात. मी येतो ना उद्या. पोराला पन आनतो."

"नको, दादा. लागलं तर सांगतो."

"तुला काय एकट्यालाच करायचं हाय का?"

"ही आहे ना माझ्याबरोबर."

दीर माझ्याकडे बघून नुसते मान हलवून गेले. मलाही ते खटकलं. सख्खा भाऊ, घरचा माणूस, त्याच्या मदतीला नको म्हणायचं काय कारण? पण त्या भावाभावांचं आपसात काही असेल म्हणून मी बोलले नाही.

मग काम सुरू झालं. पाण्याच्या नळीने चारी भिंतींवर एक पातळी आखून घेतली, भिंतीलगत बोर्ड पेलणारे पत्र्याचे चॅनेल ठोकले, वर पाइपांना पट्ट्या बांधून त्यावर आडवे चॅनेल लटकवले. हे सगळं त्यांनी एकट्याने केलं आणि सुरेख केलं. कामाला वेळ मात्र फार लागत होता. मधेच थांबत, उजवा हात झटकत, बोटं उघडमीट करत आणि खिडकीतून बाहेर बघत राहत. मी मशीनवरून विचारायचे, "काय झालं?" "काही नाही, घाम," म्हणायचे. उन्हाळा होता. घाम सगळ्यांनाच येत होता.

पहिला बोर्ड चढवला तो दिवस मला आवडला. ह्यांनी लाकडाचा एक टेकू बनवला होता, काठीला वर आडवी पट्टी मारलेला. बोर्डाचं एक टोक त्या टेकूवर आणि दुसरं माझ्या डोक्यावर. मी जुन्या जेवणाच्या टेबलावर उभी, डोक्यावर चुंबळ, दोन्ही हात वर. ते दोन लाकडी घोड्यांवर टाकलेल्या फळीवर उभे राहून ड्रिलने स्क्रू मारत. स्क्रू चॅनेलमध्ये शिरला की आवाज बदलतो, किर्र होतं आणि मग गप्प. बोर्ड बसला, मी हात काढले आणि तो वरच राहिला! मी टाळ्याच वाजवल्या. आम्ही दोघं त्या बोर्डाखाली जमिनीवर बसून चहा प्यायलो. दुसरा बोर्ड दुसऱ्या दिवशी चढवला. त्या दिवशी ते चिडचिड करत होते. मी हलते म्हणत होते. मी हलत नव्हते.

तिसऱ्याच्या दिवशी सकाळी लवकर सुरू केलं, उन्हाच्या आत उरकावं म्हणून. बोर्ड वर गेला. त्यांच्या बाजूला टेकू लावला, माझ्या बाजूला मी. त्यांनी कोपऱ्यातला पहिला स्क्रू मारला. दुसरा खिशातून काढला आणि तो हातातून निसटला. फळीवर टणकन वाजला. त्यांनी आणखी एक काढला, तोही पडला.

"अहो, माझी मान मोडली. नीट धरा ना."

 त्यांनी पुन्हा एक स्क्रू काढला, पण तो बोटांत आला की नाही ते बघण्यासाठी त्यांना हाताकडे बघावं लागलं. हे मला दिसलं. इतक्या वर्षांत हा माणूस काम करताना हाताकडे कधी बघत नसे. आणि मग ड्रिल सुटलं. वायरीला लटकून गोल फिरत राहिलं.

"अहो?"

ते माझ्याकडे वळले आणि काहीतरी म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण शब्द नव्हते. तोंडात गरम घास असताना माणूस बोलतो तसं काहीतरी. मला क्षणभर वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसलेसुद्धा. मग त्यांचा चेहरा पुरता माझ्याकडे आला आणि मला दिसलं की त्याची उजवी बाजू खाली आली आहे. ओठाचा कोपरा, गाल, सगळं. कापडाची शिवण उसवली की एक बाजू लोंबते, तसं.

ते फळीवर हळूच बसले, मग कलंडले. डोकं घोड्याच्या आडव्या दांडीला टेकलं. पाय खाली लोंबत होते.

आणि मी टेबलावर उभी होते, डोक्यावर बोर्ड घेऊन.

त्या वेळचं मी कितीदा आठवून बघितलं आहे. माझं पहिलं मन होतं बोर्ड फेकून देऊन त्यांच्याकडे धावायचं. पण तो बोर्ड त्यांच्या बाजूला एका स्क्रूवर आणि एका काठीवर होता. मी माझं टोक सोडलं असतं तर तो तुटून किंवा फिरून सगळाच्या सगळा त्यांच्यावर आला असता. ते बरोबर त्याच्या खाली होते. चार हातांवर माझा नवरा वाकड्या तोंडाने माझ्याकडे बघत होता आणि मला त्याला हात लावता येत नव्हता. माझे हात वर होते. मी पुतळ्यासारखी उभी होते आणि माझे पाय थरथरत होते, आणि पाय थरथरले की बोर्ड थरथरत होता.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शेजारच्या वहिनी आपल्या गच्चीवर साबुदाण्याच्या चिकवड्या घालत होत्या. दोन्ही गच्च्यांमध्ये कमरेएवढा कठडा आहे. त्या नऊवारी वर खोचून तो ओलांडून आल्या, हाताला चीक तसाच.

"काय गं, काय झालं? भाऊजी असे का पडले?"

"वहिनी, हे धरा. आधी हे धरा!"

त्यांना वाटलं असेल, ही बाई वेडी झाली. नवरा पडलाय आणि ही छत धरायला सांगतेय. पण एका नजरेत त्यांच्या ध्यानात आलं. टेबलावर माझ्या शेजारी चढल्या, माझ्या डोक्याशेजारी आपलं डोकं घातलं, चिकट हात वर टेकवले आणि म्हणाल्या, "धरलं. जा तू."

मी उतरले आणि ह्यांना धरलं. ते जड झाले होते. झोपलेलं मूल जसं एकाएकी जड होतं, तसे. उजवा हात हातात घेतला तर तो मला धरत नव्हता. मी दाराशी जाऊन जिन्यावरून हाका मारल्या. समोर रिक्षा धूत असलेला गल्लीतला एक जण आणि त्याच्यामागे आणखी कुणीतरी धावत वर आले. ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, माझ्या ओढणीने खुर्चीला बांधून, त्या अरुंद जिन्यावरून खाली नेलं. मी अनवाणीच रिक्षात बसले. पुलावरून कर्जतात येईपर्यंत मी त्यांच्या गालाला हात लावून तो वर उचलून धरत होते, जणू धरून ठेवला तर तो तिथेच राहील.

कर्जतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना स्ट्रेचरवर घ्यायच्या आतच दोन्ही हात उचलायला सांगितले, हसायला सांगितलं. मग मला म्हणाले, "इथे वेळ घालवू नका. पनवेलला न्या, मी तिथे फोन करतो. हे नक्की कधी सुरू झालं?"

"तिसरा बोर्ड चढवताना."

"घड्याळात किती वाजले होते?"

मला काही केल्या ते सांगता येईना. मग आठवलं की नुकताच भाजीवाला गल्लीतून ओरडत गेला होता आणि तो नवाच्या सुमारास येतो. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. चौक गाव मागे पडलं, हायवे लागला, रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत होता आणि मी मनात फक्त एकच गोष्ट म्हणत होते, भाजीवाला, भाजीवाला. तो आज उशिरा आला असेल तर? लवकर आला असेल तर?

पनवेलला लेक आधीच येऊन उभी होती. मेंदूचा फोटो काढला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. "वेळेत आणलंत," असं कुणीतरी म्हणालं. मी एका बाकावर बसले. माझ्या केसात पांढरी पूड होती आणि खांद्यावर वहिनींच्या हाताचा साबुदाणा वाळून कडक झाला होता. तो बघून मला एकदम आठवलं आणि मी लेकीचा हात घट्ट धरला.

"अगं, वहिनी!"

"कोण वहिनी?"

"त्या वर बोर्ड धरून उभ्या आहेत."

तिला मी काय बोलते ते कळेना. तिने शेजारी फोन लावला. फोन वहिनींनीच उचलला. आम्ही निघालो तेव्हा सगळी गल्ली रिक्षाभोवती होती आणि वरच्या खोलीतल्या बाईची कुणालाच आठवण राहिली नव्हती. त्यांनी हाका मारल्या होत्या. शेवटी त्यांची सून साबुदाण्याचं पातेलं तसंच राहिलेलं बघून शोधत आली आणि दारात थबकली, "आई, तुमी हितं काय करताय?" मग दोघींनी मिळून तो बोर्ड खाली घेतला.

"सोडून द्यायचा ना, वहिनी," मी फोनवर रडत म्हटलं. "तुटला असता तर तुटला असता."

"कसा सोडू गं? तू धरा म्हनून गेलीस. भाऊजींची मेहनत व्हती त्याच्यात. माझं जाऊ दे, ते बोलतात का?"

ते बोलत नव्हते. पण संध्याकाळपर्यंत डोळ्यांनी ओळख दाखवायला लागले. दुसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टर बाई त्यांच्या पलंगापाशी आल्या आणि मला विचारू लागल्या. रक्तदाब? साखर? याआधी कधी हाताला मुंग्या, बधिरपणा, थोडा वेळ बोलता न येणं?

मी ठासून सांगितलं, "नाही. कधीच नाही. ह्यांना साधी सर्दी होत नाही."

पलंगावरून आवाज आला. ह्यांनी डावा हात उचलला होता. डॉक्टर बाई वाकल्या. "झालं होतं का असं?"

त्यांनी मान हलवली. हो.

"एकदाच?"

नाही.

डॉक्टर बाई मला काहीतरी समजावून सांगत होत्या. असे काही मिनिटांचे झटके ही सूचना असते, तेव्हाच यायला हवं होतं वगैरे. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघत होते आणि ते छताकडे बघत होते. एका घरात, एका ताटात जेवल्यासारखे राहतो आम्ही. त्यांच्या सदऱ्याचं बटण सैल झालं तरी मला कळतं. आणि हा माणूस हातात काहीतरी भयंकर घेऊन माझ्यासमोर उठत-बसत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

घरी आल्यावर, हळूहळू शब्द परत यायला लागले तेव्हा त्यांनी सांगितलं. एकेक शब्द जागेवरून उपटून काढावा तसा. दिवाळीनंतर दादाच्या मळ्यावर पंप खोलताना पाना हातातून पडला होता. हात असा, जणू दुसऱ्याचाच. थोड्या वेळाने आपोआप ठीक झाला. मग एकदा दाढी करताना. मग एकदा बँकेत सही करताना. दीर पंपाच्या वेळी तिथेच होते आणि त्यांनी विचारलं होतं, म्हणून बोर्ड चढवायला त्यांना नको म्हटलं. दादाने हाताकडे बघितलं असतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तू... घाबरली असतीस."

"आणि आता?"

 ते हाताकडे बघत म्हणाले, "बघायचं होतं. हात... चालतोय का. एवढं काम... केलं असतं... तर म्हटलं असतं, काही नाही."

"म्हणून ठेकेदार नको होता?"

"त्याने केलं असतं... तर मला... कसं कळलं असतं?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथे ओट्याला धरून उभी राहिले. मला राग आला होता, इतका की माझं मलाच भय वाटलं. मशीन धडधडायला लागलं तर कुठल्याही फिटरने आधी ते बंद केलं असतं, खोललं असतं. ह्यांनी आयुष्यभर तेच केलं. आणि स्वतःवर मात्र आणखी भार टाकून बघितला. मला डोक्यावर बोर्ड देऊन समोर उभं केलं आणि बघितलं.

बरेच दिवस मी त्यांच्याशी औषधापाण्यापलीकडे बोलले नाही. आजारी माणसावर रुसलेली बायको मी दुसरी पाहिलेली नाही. वहिनी मला म्हणाल्या, "आगं, जीव वाचला त्यांचा, आन् तू तोंड फिरवून काय बसलीस?" 

पावसाच्या आत छत पुरं व्हायला हवं होतं. मी खालापूरच्या ठेकेदाराला फोन केला. सगळं ऐकून तो फक्त "उद्या येतो, वहिनी," म्हणाला. दोन माणसं घेऊन आला. ह्यांनी वर यायचा हट्ट धरला. कठड्याला धरून, एकेक पायरी, मागे मी. खोलीत येऊन खुर्चीवर बसले आणि डाव्या हाताने वर दाखवून ठेकेदाराला म्हणाले, "माझे... काढा."

"काका, चांगले बसलेत की! चॅनेल तर एकदम सरळ हाय. बाकीचे आमी लावतो, हे राहू दे."

"काढा."

मला ते अती वाटलं. मी म्हटलं, "अहो, आता कशाला? एवढ्या कष्टाने लावलेत."

"दुसरा," ते म्हणाले. "दुसऱ्याचं... मला माहीत नाही. हात... कळत नव्हता."

ठेकेदाराचा माणूस वर चढला. पहिला बोर्ड त्याने तळव्याने दाबून पाहिला. हलला नाही. दुसऱ्याला तळवा लावला आणि तो बोर्ड चक्क वर उचलला गेला, पातेल्यावरच्या झाकणासारखा. त्याने एकेक स्क्रू तपासला. भिंतीकडची एक ओळ चॅनेलमध्ये होती. बाकीचे बरेचसे स्क्रू चॅनेल चुकवून नुसतेच बोर्डातून आरपार गेले होते, वर हवेत. किर्र आवाज झाला नसणार. त्यांना तो ऐकू आला नव्हता की ऐकूनही कळला नव्हता, ते मला आजही ठाऊक नाही. मलाही तो ऐकू आला नव्हता.

ठेकेदार खाली बघत म्हणाला, "वहिनी, तुमी ह्याच्याखाली बसत व्हता?"

मी बसत होते. दुसरा बोर्ड लागल्यावर मी मशीन ओढून त्याच्याखाली नेलं होतं. तिथे पत्र्याची धग कमी लागते म्हणून त्याच दुपारी तिथे ब्लाउज शिवत बसले होते. आम्ही दवाखान्यात असताना लेक घर झाडायला येऊन गेली होती आणि तिची मुलगी त्या खोलीत चिंध्यांशी खेळत होती.  मी तिथेच जमिनीवर बसले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.  मी त्यांच्या खुर्चीजवळ सरकले आणि तो उजवा हात माझ्या हातात घेतला. बोटं थोडी वळली. ठेकेदाराची माणसं दुसरा बोर्ड उतरवत होती, स्क्रू टपटप खाली पडत होते, आणि आम्ही नवरा-बायको पाहुण्यांसारखे आपल्याच खोलीत बसून ते बघत होतो.

छत झालं. चांगलं झालं. खोली आता दुपारीही बसण्याजोगी असते. पहिला बोर्ड ठेकेदाराने तसाच ठेवला, त्यावर लांबी भरली, रंग दिला. कुठला कोणाचा ते आता ओळखू येत नाही. मला मात्र कळतं, पण मी वर बघत नाही. वहिनींची मान महिनाभर दुखत होती. त्यांना मी दोन ब्लाउज शिवून दिले. मापाला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मान जरा मोकळी ठेव गं."

ह्यांचा हात सुधारतो आहे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितल्याप्रमाणे मी त्यांच्यापुढे डब्यातली बटणं ओतते आणि ते ती चिमटीत धरून परत डब्यात टाकतात. आधी मोठी, कोटाची. आता सदऱ्याचीही जमतात. सकाळी गोळी घेतली की जीभ बाहेर काढून मला दाखवतात, लहान मुलासारखी, कारण मी एकदा रागाने दाखवायला सांगितलं होतं आणि नंतर थांबवायचं राहून गेलं.

परवा न्हाणीघरातला नळ गळायला लागला. रात्रभर थेंब पडत राहिला. सकाळी चहा पिताना मी वाट बघत होते की आता हे म्हणतील, पाना आण. मी मनात उत्तरंही तयार ठेवली होती. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "प्लंबरला बोलाव."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी उठून गच्चीवर गेले आणि वाळत घातलेले कपडे ओलेच होते तरी गोळा करायला लागले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. 

प्लंबर आला, वायसर बदलला, गेला. तो गेल्यावर हे न्हाणीघरात गेले. मी दाराआडून बघितलं. त्यांनी उजव्या हाताने नळ सोडला. बंद करताना जोर पुरेना, धार बारीक होऊन तशीच राहिली. डावा हात पुढे आला आणि मागे गेला. मी आत गेले नाही. त्यांनी पुन्हा मूठ आवळली, खांदा वाकवला, आणि धार थांबली.